कपड्यावरची तीन अक्षरे

घाटंजीच्या बाजारपेठेत शनिवारी सकाळी फेरफटका मारला की दुकानांच्या दारात दोऱ्यात ओवलेले लिंबू, मिरची आणि काळा बिब्बा टांगलेला दिसतो. नजर लागू नये म्हणून. यवतमाळ जिल्ह्यातल्या जंगलपट्ट्याला बिब्ब्याचे झाड नवे नाही. त्याची गोडंबी लाडवात पडते, तेल भेगाळलेल्या टाचांना लावतात आणि हाताळताना जरा चुकले तर अंगावर फोड उठतात. चांगल्या चाललेल्या कामात ‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार काही उगाच रूढ झालेला नाही.

या फळाचा आणखी एक उपयोग मात्र आता जवळजवळ विस्मरणात गेला आहे. गावोगावचे धोबी कोणाचा कपडा कोणता हे ओळखण्यासाठी बिब्ब्याच्या रसाने कपड्याच्या कोपऱ्यात खूण करत. इंग्रजांनी या फळाला नावच ‘मार्किंग नट’, म्हणजे खूण करायचे फळ, असे दिले. ही खूण कितीही धुतली तरी जात नाही. कपडा फाटेल, विरेल, खूण राहील.

भारताच्या इतिहासातल्या सर्वांत दुःखद हत्येच्या तपासात अशाच एका धोबीखुणेला मोठे महत्त्व येऊ शकले असते. दिल्लीतल्या एका हॉटेलात धुवायला दिलेल्या कपड्यांवर तीन इंग्रजी अक्षरे होती : एन. व्ही. जी.

दहा दिवसांची मुदत

२० जानेवारी १९४८. दिल्लीच्या बिर्ला भवनात महात्मा गांधींची सायंप्रार्थना चालू असताना मागच्या भिंतीजवळ स्फोट झाला. कोणाला इजा झाली नाही. स्फोट घडवणारा मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला. त्याचे साथीदार मात्र निसटले. त्याच्या सांगण्यावरून पोलीस कॅनॉट सर्कसमधल्या मरीना हॉटेलात पोचले. ४० क्रमांकाच्या खोलीत उतरलेल्या दोघांनी नोंदवहीत ‘एस. देशपांडे’ आणि ‘एम. देशपांडे’ अशी नावे लिहिली होती. नावे खोटी होती, पण त्यांनी धुवायला दिलेल्या कपड्यांवरची खूण खरी होती.

मदनलालच्या सविस्तर जबानीत अहमदनगरच्या करकरेचा आणि पुण्याच्या एका वर्तमानपत्राच्या संपादकाचा उल्लेख आला. मुंबई प्रांतातल्या वृत्तपत्रांची, त्यांच्या मालक-संपादकांच्या नावांसह केलेली यादी सरकारदप्तरी होतीच. पुण्याच्या ‘हिंदुराष्ट्र’ या पत्रापुढे संपादक म्हणून नथुराम विनायक गोडसे आणि मालक म्हणून नारायण दत्तात्रय आपटे यांची नावे होती. कपड्यावरची तीन अक्षरे, जबानीतला संपादक आणि यादीतले नाव या तीन गोष्टी एका टेबलावर एकत्र आल्या असत्या, तर पुढचे काम अवघड नव्हते.

त्या एकत्र आल्या नाहीत. दिल्लीचे दोन पोलीस अधिकारी मुंबईला गेले आणि हात हलवत परतले. पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचे वरिष्ठ अधिकारी राणा दिल्लीत होते. ते २५ जानेवारीला आगगाडीने, तेही अलाहाबादमार्गे निघाले आणि २७ ला मुंबईत पोचले. दरम्यान नथुराम आणि आपटे यांनी ग्वाल्हेर गाठून पिस्तूल मिळवले. ३० जानेवारीच्या संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर तीन गोळ्या सुटल्या.

पुढे १९६६ मध्ये नेमलेल्या आयोगाने या दहा दिवसांचा तपशिलाने धांडोळा घेतला. न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या १९६९ च्या अहवालात पोलिसांच्या ढिलाईवर कडक ताशेरे आहेत. त्यातून आजही घेण्यासारखा धडा असा, की पुरावा सापडणे आणि पुराव्याचा अर्थ लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वस्तू स्वतःहून काही सांगत नाही. तिला दुसऱ्या माहितीशेजारी ठेवावे लागते.

खूण का जात नाही?

बिब्ब्याच्या टरफलात भिलावनॉल नावाचा तेलकट पदार्थ असतो. फळातून निघताना त्याचा रंग तपकिरी असतो. हवेतला प्राणवायू लागला की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन काळा, पाण्यात न विरघळणारा थर तयार होतो. तो सुताच्या तंतूंमध्ये रुतून बसतो. धोबी त्यावर चुना लावत, त्याने खूण आणखी पक्की होई. सोडा, साबण, भट्टी कशालाही ती दाद देत नसे.

हाच पदार्थ त्वचेचा शत्रू आहे. तो त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतो आणि शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा त्या जोडीला परके समजून हल्ला करते. म्हणून बिब्बा लागल्यावर फोड बहुधा लगेच येत नाहीत, एक-दोन दिवसांनी येतात. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर विचित्र पुरळ उठू लागले. डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा सदऱ्याच्या कॉलरवर आणि विजारीच्या पट्ट्यावर धोब्याने केलेली खूण हे त्याचे कारण निघाले. वैद्यकीय ग्रंथांत हा आजार ‘धोबीखुणेचा त्वचादाह’ म्हणून नोंदला गेला आहे.

बिबे फोडणाऱ्या बायांच्या हातांची स्थिती पाहिली की या रसायनाची ताकद कळते. बिब्बा अंगाला लागला तर ती जागा ताबडतोब साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावी. दुखऱ्या सांध्यावर किंवा लहान मुलाच्या पोटावर बिब्ब्याचा डाग देणे टाळावे. काजूच्या टरफलातले तेल आणि आंब्याचा चीकही याच कुळातला आहे. एकाची ॲलर्जी असलेल्यांना दुसऱ्याचाही त्रास होऊ शकतो.

कापसाची दोन रूपे

बिर्ला भवनात २० जानेवारीला फुटलेली वस्तू न्यायालयाच्या कागदपत्रांत ‘गन-कॉटन स्लॅब’ म्हणून नोंदली आहे. घाटंजीसारख्या कापूसपट्ट्यातल्या वाचकाला हे नाव थबकवणारे वाटेल. कापूस स्फोटक कसा होतो?

कापसाचा तंतू म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. १८४६ मध्ये ख्रिश्चन शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची सेल्युलोजवर क्रिया करून नायट्रोसेल्युलोज बनवण्याची पद्धत जाहीर केली. दिसायला तो कापूसच, पण ज्वलनाला लागणारा प्राणवायू त्याच्या रेणूतच बांधलेला असतो. त्यामुळे तो धूर न करता क्षणात पेटतो. दाबून त्याच्या वड्या केल्या आणि योग्य ठिणगी दिली की स्फोट होतो. याच पदार्थाच्या सौम्य रूपापासून जखमेवर लावायचे कोलोडिअन आणि जुन्या सिनेमाच्या फिती तयार झाल्या. आधुनिक काडतुसातली धूररहित दारूही मुख्यतः यातूनच बनते.

म्हणजे त्या दहा दिवसांत कापूस दोन रूपांत समोर आला. एक खादीचे धोतर आणि दुसरे स्फोटक वडी. दोन्हींचा मूळ रेणू एकच.

पिस्तुलाची सही

३० जानेवारीला जागेवर जप्त झालेले पिस्तूल इटालियन बनावटीचे बेरेटा होते. क्रमांक ६०६८२४. नथुराम तिथेच पकडला गेला होता, साक्षीदारही भरपूर होते. तरीही न्यायालयापुढे ‘याच पिस्तुलातून याच गोळ्या सुटल्या’ हे शास्त्रीय पद्धतीने मांडावे लागतेच. ती तपासणी पंजाबातील फिल्लौर येथील गुन्हे अन्वेषण विभागाच्या वैज्ञानिक प्रयोगशाळेत झाली.

तिचे तत्त्व सोपे आहे. पिस्तुलाच्या नळीच्या आत मळसूत्रासारखे आटे पाडलेले असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. नळी कापणाऱ्या हत्याराच्या बारीक ओरखड्यांची नक्कल गोळीच्या मऊ धातूवर उमटते. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी बनलेल्या दोन नळ्यांचे ओरखडेही हुबेहूब सारखे नसतात. शिवाय आपोआप काडतूस भरणाऱ्या पिस्तुलातून रिकामे कवच बाहेर फेकले जाते. त्याच्या बुडावर कळीचा ठोसा आणि कडेवर आकड्याचा ओरखडा राहतो. संशयित पिस्तुलातून चाचणीसाठी एक गोळी झाडायची आणि ती घटनास्थळीच्या गोळीशेजारी जोड-सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. दोघींच्या रेघा जुळल्या, तर ती पिस्तुलाची सहीच समजतात.

जखमांचाही हिशेब असतो. ३१ जानेवारीच्या सकाळी बिर्ला भवनात लेफ्टनंट कर्नल बी. एल. तनेजा यांनी पार्थिवाची पाहणी केली. समोरून गोळ्या शिरल्याच्या तीन जखमा होत्या, एक छातीवर आणि दोन पोटावर. पाठीकडून गोळ्या बाहेर पडल्याच्या दोन होत्या. तीन आत, दोन बाहेर. म्हणजे एक गोळी शरीरातच राहिली. गोळी शिरताना जखम साधारण लहान आणि गोल असते, कडेला खरचटल्याचे कडे दिसते. बाहेर पडतानाची जखम बहुधा मोठी आणि फाटलेली असते. हा फरक माहीत नसेल, तर पाच जखमा पाहून पाच गोळ्या मोजण्याची चूक होऊ शकते.

छायाचित्रे मोठी करून त्यांत दिसणाऱ्या डागांवरून ‘चौथी गोळी’ होती, असा दावा पुढे अनेक वर्षांनी झाला. फेरतपासाची मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाने नेमलेले ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांनी कागदपत्रे तपासून फेरतपासाची गरज नसल्याचे मत दिले आणि मार्च २०१८ मध्ये याचिका फेटाळली गेली. रक्त कपड्यावर घडीनुसार पसरते. एकाच जखमेचे डाग धोतराच्या दोन-तीन घड्यांवर उमटतात. कपड्यावरचा डाग आणि शरीरावरची जखम यांची गल्लत होऊ नये, हे न्यायवैद्यकातले पहिल्या दिवशी शिकवायचे सूत्र आहे.

हत्येनंतर मात्र तपास वेगाने हलला. दिगंबर बडगे ३१ जानेवारीला पुण्यात पकडला गेला. गोपाळ गोडसे ५ फेब्रुवारीला, शंकर किस्तय्या दुसऱ्या दिवशी. आपटे आणि करकरे १४ फेब्रुवारीला मुंबईत हाती लागले. लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयात न्यायाधीश आत्माचरण यांच्यासमोर सरकार पक्षाने १४९ साक्षीदार तपासले. निकाल १० फेब्रुवारी १९४९ रोजी लागला. जी माणसे हत्येपूर्वी दहा दिवसांत सापडली नाहीत, त्यांतली मुख्य माणसे हत्येनंतर पंधरवड्यात सापडली.

बुटातले नाव, हातावरचे गोंदण

अशीच अक्षरे ८३ वर्षांपूर्वी अमेरिकेतही बोलली होती. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडून नट जॉन विल्क्स बूथ पळाला. बारा दिवस शोध चालला. पळताना त्याच्या पायाचे हाड मोडले होते. डॉ. सॅम्युएल मड यांनी पायाला फळ्या बांधताना त्याचा बूट कापून काढला. तो बूट घरातच राहिला आणि झडतीत सापडला, तेव्हा आत ‘जे. विल्क्स’ असे लिहिलेले होते. २६ एप्रिलला व्हर्जिनियातल्या एका शेतावरच्या कोठारात बूथला घेरण्यात आले आणि तो गोळी लागून मेला. मृतदेह त्याचाच आहे हे ठरवताना दोन खुणा उपयोगी पडल्या. हातावरचे ‘जे. डब्ल्यू. बी.’ हे गोंदण, आणि मानेवरचा शस्त्रक्रियेचा व्रण. ती शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरनेच तो व्रण ओळखला.

त्या प्रकरणातल्या वस्तू आज दोन ठिकाणी पाहता येतात. बूथचे एका गोळीचे छोटे पिस्तूल आणि बूट फोर्ड नाट्यगृहाच्या संग्रहालयात आहेत. लिंकन यांच्या मेंदूतून काढलेली शिशाची गोळी आणि बूथच्या मानेचे मणके आरोग्य आणि वैद्यकाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. मूळ पिस्तूल चोरीला जाऊन तिथे नक्कल ठेवली आहे, अशी वदंता उठली. तेव्हा १९९७ मध्ये एफबीआयच्या प्रयोगशाळेने ते तपासले. पिस्तुलाच्या लाकडी मुठीतली भेग आणि लाकडाच्या शिरांची वळणे १९३० च्या दशकातल्या छायाचित्रांशी ताडून पाहिली. ती जुळली. लाकडाच्या शिराही माणसाच्या बोटांच्या ठशांसारख्या असतात. कोणीतरी साठ वर्षांपूर्वी नीट फोटो काढून ठेवले होते, म्हणून हे शक्य झाले.

जिथे अशी नोंद नसते, तिथे शंका उरते. एप्रिल २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या एका लिलावात गांधीजींच्या हत्येच्या जागेवरची म्हणून चिमूटभर माती आणि गवताच्या काड्या १० हजार पौंडांना विकल्या गेल्या. अशा वस्तूची खरी किंमत तिच्यासोबतच्या कागदात असते. ती कोणी, केव्हा, कशी उचलली आणि नंतर कोणाकोणाच्या हातून गेली, याची सलग साखळी असावी लागते. पोलीस मुद्देमालावर पंचांच्या सह्या आणि लाखेचे सील घेतात ते याचसाठी.

रक्त, सूत आणि प्रकाश

गांधीजींच्या अंगावरची त्या दिवशीची रक्ताने माखलेली वस्त्रे दिल्लीत राजघाटाजवळच्या राष्ट्रीय गांधी संग्रहालयात आहेत. रक्ताचे डाग पडलेल्या वस्त्राचा एक भाग मदुराईच्या गांधी स्मारक संग्रहालयात आहे. पाहणाऱ्याला पहिल्यांदा एक गोष्ट खटकते, की डाग लाल नाहीत, तपकिरी आहेत.

रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमधल्या लोहामुळे येतो. रक्त शरीराबाहेर पडले की या लोहाचे ऑक्सिडीकरण होते आणि काही तासांतच डाग तांबूस-तपकिरी होऊ लागतो. वर्षे जातात तसा तो काळपट होतो. डागाच्या या बदलत्या रंगावरून तो किती जुना असावा, याचा अंदाज बांधण्याच्या पद्धतींवर न्यायवैद्यकात काम चालू आहे.

रक्तातली प्रथिने वाळून कडक होतात, त्या जागी कापड ठिसूळ बनते. दमट हवेत तिथे बुरशी धरते, कसर लागते. प्रकाश त्याहून घातक. अतिनील किरण सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडतात. सूत पिवळे पडते आणि हात लावताच तुटते. हे नुकसान साठत जाते, ते भरून येत नाही. म्हणूनच संग्रहालयात जुन्या वस्त्रांवर साधारण ५० लक्सच्या वर प्रकाश पडू देत नाहीत. एवढ्या उजेडात पेपर जेमतेम वाचता येईल. ‘दालनात किती अंधार’ अशी तक्रार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे.

घरातली पेटी उघडताना

यवतमाळ जिल्ह्यात असा ठेवा केवळ संग्रहालयातच आहे असे नाही. १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसदजवळ जंगल सत्याग्रह झाला. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे. कितीतरी घरांत आजोबांची खादीची बंडी, तुरुंगातून आलेली पत्रे, टकळी, जुने फोटो पेटीत पडून आहेत. त्यांच्यासाठी काही साध्या गोष्टी करता येतात.

जुना कपडा धुऊ नये, इस्त्री करू नये. डाग हाही इतिहासच असतो. गरम पाण्याने तर रक्ताचा किंवा घामाचा डाग कायमचा बसतो, कारण उष्णतेने प्रथिने अंड्यासारखी गोठतात. प्लास्टिकच्या पिशवीत कपडा ठेवू नये, आत दमटपणा कोंडतो. धुतलेल्या, रंग नसलेल्या मलमलीत तो सैल गुंडाळावा. घडी घातलीच तर वर्षातून दोनदा तिची जागा बदलावी, नाहीतर कापड त्याच रेषेवर फाटते. पत्रांना चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. कागदामागे लिहायचे तर शिसपेन्सिलीने लिहावे.

डांबराच्या गोळ्यांबाबत जास्त सावध राहावे. त्यातले नॅप्थॅलीन काही जणांच्या तांबड्या पेशी फोडते. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना, अशा गोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यात गुंडाळल्याने गंभीर कावीळ झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. पेटीतले जुने कपडे काढून बाळाला सरळ पांघरू नयेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे वस्तूची गोष्ट लिहून ठेवावी. ती कोणाची, कोणत्या साली, कशी घरात आली, हे अजून सांगू शकणारे माणूस घरात असताना विचारून घ्यावे. वस्तूचा आणि तिच्यावरच्या खुणांचा चांगल्या उजेडात एक फोटो काढून ठेवावा. नाव नसलेली खादीची बंडी पुढच्या पिढीच्या हाती नुसता जुना कपडा म्हणून जाते.

जानेवारी १९४८ च्या अखेरीस गांधीजी सेवाग्रामला परतण्याच्या तयारीत होते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ते तिथे येतील, अशी अपेक्षा होती. ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता भोंगा वाजतो आणि देश दोन मिनिटे स्तब्ध उभा राहतो. त्या दोन मिनिटांत कपड्यावरची ती तीन अक्षरेही आठवावीत. ती कोणीतरी पाहिली होती.